धसक्याची नोंद

खानदेशात ‘धसक्याने गेला’ असे आजही म्हटले जाते. मुस्लिम घरांत त्यालाच ‘सदमा’ म्हणतात.

भिवंडीच्या दुसऱ्याच दिवशी, ८ मे १९७० रोजी, जळगावात दंगल पेटली. न्या. मादन आयोगाने तेथील ४३ मृत नोंदवले. त्यांपैकी ४२ मुस्लिम होते. धुळ्यात २००८ साली दंगल झाली, तर ६ जानेवारी २०१३ च्या दंगलीत पोलीस गोळीबाराने सहा तरुणांचे प्राण घेतले. चौकशीत जखमा मोजतात, पंचनाम्यात जळालेली घरे. धसका कोणत्या रकान्यात लिहायचा?

ती नुसती समजूत नव्हे. प्रिय व्यक्तीचे नाव निघताच विरही रुग्णाची नाडी बदलते, हे इब्न सीनाने अकराव्या शतकात ‘अल-कानून’मध्ये नोंदवले. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी ‘ताकोत्सुबो’ विकार वर्णिला: आघाताने हृदयाचा स्नायू अचानक दुबळा होतो, रक्तवाहिन्या मात्र तुंबलेल्या नसतात. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सावरतात.

१७ जानेवारी १९९४ च्या लॉस एंजेलिसमधील भूकंपादिवशी हृदयविकाराने अचानक झालेले मृत्यू रोजच्या सरासरी ४.६ वरून २४ झाले. पुढच्या सहा दिवसांत ते सरासरीच्याही खाली आले. म्हणजे धसक्याने बहुधा आधीच आजारी असलेली हृदये गाठली.

तेव्हा प्रत्येक दुखणे दंगलीच्या माथी मारता येत नाही; ‘वयच झाले होते’ म्हणून सोडूनही देता येत नाही. मदत छावणीत धान्य आणि घोंगड्यांबरोबर रक्तदाब तपासणारा डॉक्टर हवा, आणि एक नोंदवहीही.