शीतपेय सोडताना मध्येच एखादा ग्लास घेतला गेला तर?

कोलासारख्या नेहमीच्या शीतपेयात दर १०० मिलीलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलीलिटरच्या एका बाटलीतून सात-आठ चमचे साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार अशी वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी. ती ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम, ठेवली तर अधिक चांगले. एका बाटलीतच ही २५ ग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते, आणि यात दिवसभराच्या चहातली साखर अजून धरलेलीच नाही.

रोज कोला पिण्याची सवय असेल आणि तुम्ही ती एकदम बंद केली, तर १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते, सुस्ती येते. पहिले दोन दिवस त्रास जास्त असतो, पुढे आठवडाभरात तो ओसरतो. हा कॅफीन बंद झाल्याचा परिणाम आहे. घरातली मंडळी मात्र ‘गोड सोडलं म्हणून गळून गेला’ असे म्हणत पुन्हा बाटली पुढे करतात. तसे करू नका. हे टाळायचे तर रोजचे प्रमाण थोडे थोडे कमी करत दोन आठवड्यांत बंद करा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर सोडण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. रोजची एवढी साखर अचानक थांबली की औषधाचा डोस जास्त ठरू शकतो.

बदली म्हणून पाणी, ताक किंवा बिनसाखरेचे लिंबूपाणी घ्या. उसाचा रस, बाटलीतला आंब्याचा रस आणि साखरेच्या पाकातले कोकम सरबत ही बदली नव्हे, नाव तेवढे बदलते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर शहाळ्याचे पाणीसुद्धा विचारूनच घ्या, त्यात पोटॅशियम भरपूर असते.

आता घसरण्याबद्दल. लग्नात कोणी आग्रहाने ग्लास हातात दिला, किंवा बिनसाखरेची समजून साधी बाटली उघडली गेली, असे होतेच. प्रकृती एरवी ठीक असेल तर एका ग्लासाने काही बिघडत नाही. पाण्याने खळखळून चूळ भरा. लगेच दात घासू नका, आम्लामुळे दातांचे वरचे आवरण तेवढ्यापुरते मऊ झालेले असते, त्यामुळे अर्धा-एक तास थांबा. दुसऱ्या दिवशी उपास करण्याची गरज नाही. नुकसान होते ते ‘आता मोडलंच आहे, तर सोमवारपासून बघू’ या विचाराने, कारण मग सोमवारपर्यंत आणखी चार बाटल्या होतात.

मधुमेह असेल तर स्वतःच्या मनाने जादा गोळी किंवा इन्सुलिन घेऊ नका, आणि भरपाई म्हणून जेवणही चुकवू नका. दोन्हींमुळे साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. नेहमीची औषधे नेहमीच्या वेळी घ्या, जमेल तसे थोडे चाला आणि दोन तासांनी साखर तपासा. ती ३०० च्या वर टिकून राहिली, किंवा उलट्या, धाप, गुंगी यांपैकी काही जाणवले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

एक प्रसंग मात्र उलटा आहे, आणि तो घरातल्या सगळ्यांना माहीत हवा. दरदरून घाम, थरथर, धडधड होत असेल आणि साखर ७० च्या खाली असेल, तर साधे शीतपेय हेच औषध. सुमारे १५० मिलीलिटर द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, वाढली नसेल तर तेवढेच परत द्या. यासाठी बिनसाखरेचे ‘डाएट’ पेय उपयोगाचे नाही. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, १०८ ला फोन करा.