भागशः कंपनविश्लेषण : मोठ्या संरचनांचे गतिकी गणित

12 नोव्हेंबर 2017 च्या रात्री इराण-इराक सीमेवर 7.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि 600 किलोमीटरहून अधिक अंतरावरील कुवेत शहरात उंच इमारतींतील रहिवासी जिने उतरून रस्त्यावर आले. मंद लयीच्या भूलहरी दूरवर पोहोचतात आणि उंच इमारतींची नैसर्गिक लयही मंदच असते. म्हणूनच अशा संरचनांचे कंपन आधी गणिताने जाणून घ्यावे लागते.

अडचण आकाराची आहे. 2011 मध्ये पूर्ण झालेला सुमारे 413 मीटर उंचीचा अल हमरा मनोरा किंवा 1 मे 2019 रोजी खुला झालेला, कुवेतच्या उपसागरावरील सुमारे 36 किलोमीटरचा शेख जाबेर सेतू यांच्या सविस्तर प्रतिमानात लाखो अज्ञाते येऊ शकतात. उपसंरचना पद्धतीत संरचनेचे भाग पाडतात, प्रत्येकाचे गणित स्वतंत्रपणे लहान करतात आणि मग ते भाग सांध्यांवर पुन्हा जोडतात. जोडताना दोनच अटी असतात : सांध्यावरील विस्थापने समान हवीत आणि तेथील बलांचा समतोल साधला पाहिजे.

1965 मध्ये गायन यांनी आतील बिंदू केवळ स्थितिक संबंधाने वगळण्याची रीत दिली. त्याच वर्षी हर्टी यांनी घटकांच्या कंपनरूपांचा आधार घेतला आणि 1968 मध्ये क्रेग व बॅम्प्टन यांनी ही मांडणी सुटसुटीत केली. त्यांच्या पद्धतीत सांधे जखडून मिळणारी मोजकी कंपनरूपे घेतात आणि एकेक सांधाबिंदू एककाने हलवल्यावर भागाला येणारे स्थितिक आकार त्यांत मिळवतात. विमाने व अंतराळयाने यांच्या क्षेत्रात ती आजही रूढ आहे. भागांचे निर्माते वेगळे असले तरी प्रत्येकाला आपले संपूर्ण प्रतिमान उघड करावे लागत नाही, ही सोय तेथे लहान नाही.

सेतूच्या बाबतीत लाभ उघड आहे. एकसारख्या गाळ्यांचे गणित एकदाच करून पुन्हा पुन्हा वापरता येते. तारांनी तोललेला मुख्य भाग तेवढा वेगळा हाताळावा लागतो. मनोऱ्यात मात्र मजले व गाभा यांच्या सांध्यांवर बिंदू इतके असतात की बचत हातातून निसटते.

किती कंपनरूपे ठेवावीत? अभ्यासातील कमाल वारंवारितेच्या दीडपट ते दुपटीपर्यंतची, असा व्यवहारातील संकेत आहे. सॉफ्टवेअरने सुचवलेली संख्या डोळे झाकून स्वीकारणे ही, माझ्या मते, या पद्धतीतील सर्वांत महाग चूक. रूपे वाढवून गणित पुन्हा करावे. उत्तर हलले, तर आधीची संख्या अपुरी होती.