सुरुंगापूर्वीचा अग्नी

सुरुंग हा शब्द आपल्याला गडकोटांच्या इतिहासातून परिचित आहे. तटाखाली भुयार खणून, त्यात दारू ठासून बुरूज उडवीत. खाणकामात मात्र दारू उशिरा आली. युरोपातील प्रसिद्ध नोंद 1627 मधील, आज स्लोव्हाकियात असलेल्या बान्स्का श्त्याव्नित्सा येथील आहे. त्यापूर्वी भूगर्भातील कठीण खडक कसा फोडीत, हे समजण्यास बडोद्याच्या संशोधकांचा मोठा हातभार लागला. मांडवीच्या आसपास पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या आम्हा मंडळींपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असावे.

उदयपूरच्या दक्षिणेस जावर येथे जस्त व शिसे यांच्या प्राचीन खाणी आहेत. 1980 च्या दशकात महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग, ब्रिटिश म्युझियम व हिंदुस्थान झिंक यांनी त्यांचा संयुक्त अभ्यास केला. बडोद्याच्या बाजूने डॉ. के. टी. एम. हेगडे अग्रभागी होते. जस्ताच्या ऊर्ध्वपातनाच्या, वांग्याच्या आकाराच्या मुशींमुळे हे संशोधन गाजले. आमच्या मते तेथील खाणींच्या भिंतीही तितक्याच बोलक्या आहेत.

त्या गुळगुळीत व गोलाईदार आहेत. खडकाशी लाकडे रचून जाळ करीत; तापलेला पृष्ठभाग असमान प्रसरण पावून तडके, मग सैल झालेले थर छिन्नी-हातोड्याने काढीत. जाळ पेटलेला असताना आत थांबणे अशक्यच. धूर ओसरल्यावरच काम सुरू व्हावयाचे. सरपण किती लागले असेल, याची कल्पनाच करावी! आत सापडलेल्या लाकडांच्या रेडिओकार्बन परीक्षणाने ही खोदाई दोन हजार वर्षांहून जुनी ठरली.

पुढे 1831 मध्ये बिकफर्डची सुरक्षित वात आणि 1867 मध्ये नोबेलचे डायनामाइट आले. आज यंत्राने भोके पाडून त्यांत स्फोटके भरतात. बोगदा पुढे नेताना मधली भोके आधी उडवितात, कारण फुटलेल्या खडकाला सरकावयास पोकळी हवी. कडेची मागाहून, क्षणार्धाच्या अंतराने. कोरड्या छिद्रणाच्या धुळीने कामगारांची फुप्फुसे निकामी होत. म्हणून पोकळ छिद्रदांड्यातून पाणी सोडण्याची रीत रूढ झाली. धुराची जागा धुळीने घेतली होती, एवढेच.

सुरुंगाने फुटलेली भिंत कोनदार व भेगाळलेली राहते. जुन्या खोदाईलगत नवा सुरुंग लावला, तर ती गोलाई कायमची जाते. जेथे अजून खनिज काढावयाचे आहे, तेथे सुरुंगापूर्वी जुन्या दालनांची मोजमापे व छायाचित्रे घेतली जावीत, आणि त्यांची एक प्रत बडोद्यातही असावी.