फोसेनचा वारा आणि न्यायाची वेळ

वाऱ्यावर कोणाची मालकी नाहीं, असें आपण सहज म्हणतों. पाण्यासाठीं भाऊबंद भांडतात, बांधासाठीं डोकीं फुटतात. पण वारा वांटून घेतल्याचें कोठें ऐकिवांत नाहीं. म्हणूनच वाऱ्यापासून वीज निघूं लागली, तेव्हां ती सर्वांत निरुपद्रवी मानली गेली. तिच्यासाठीं कोळसा जाळावा लागत नाहीं, कीं धरणाखालीं गांवें बुडवावीं लागत नाहींत. परंतु वारा अधांतरीं वाहत असला, तरी पवनचक्की अधांतरीं उभी राहत नाहीं. तिला जमीन लागते, तिच्यापर्यंत जावयास रस्ता लागतो, आणि ही जमीन बहुधा कोणाच्या तरी उपयोगांत असते. नॉर्वे देशांतील फोसेन येथें इ. स. २०१० पासून २०२४ पर्यंत जें घडलें, त्याचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

फोसेन हें नॉर्वेच्या मध्यभागांतील, ट्रॉन्डहाइम शहराजवळचें एक द्वीपकल्प. तेथील डोंगरांवर सामी लोकांपैकीं कांहीं घराणीं पिढ्यान् पिढ्या रेनडियरचे कळप चारीत आलीं आहेत. सामी हे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड व रशिया यांच्या उत्तर भागांत पसरलेले मूळचे रहिवासी. त्यांची भाषा निराळी, पोशाख निराळा, गाणें निराळें. फोसेनकडील दक्षिण सामी भाषा तर आतां थोड्याच लोकांच्या तोंडीं उरली असून कळपांचा धंदा हा तिचा एक मोठा आधार आहे. रेनडियर हें हरणाच्या कुळांतील जनावर हिवाळ्यांत बर्फ उकरून खालची वनस्पति खातें. आपल्या मसाल्यांत जें दगडफूल पडतें, त्याच्याच वर्गांतली ही वनस्पति होय. बर्फ फार सांचलें किंवा त्यावर कठीण कवच धरलें, म्हणजे जनावराचें तोंड तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. अशा वेळीं कळप तगतो तो उंच, उघड्या माथ्यांवर. कारण तेथील बर्फ वाऱ्यानें उडून गेलेलें असतें. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. ज्या वाऱ्यामुळें हिवाळी कुरण मोकळें राहतें, तोच वारा पवनचक्कीलाही हवा असतो. दोघांची दृष्टि एकाच माथ्यावर पडली, यांतच पुढील तंट्याचें बीज होतें.

सामींचें व सरकारचें नातें त्यापूर्वींही सरळ नव्हतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सामी मुलांना शाळेंत त्यांच्या भाषेपासून तोडण्याचें धोरण नॉर्वेच्या सरकारनें चालविलें होतें. इ. स. १९१७ च्या फेब्रुवारींत एल्सा लाउला रेनबर्ग या बाईंच्या पुढाकारानें सामींची पहिली मोठी परिषद भरली, ती ट्रॉन्डहाइम शहरींच. आणि कळपांचा धंदा हाच तिच्यापुढील एक मुख्य विषय होता. साठ वर्षांनीं उत्तरेकडील आल्टा नदीवर विजेसाठीं धरण बांधण्याचें ठरलें. त्यावेळीं, १९७९ मध्यें, सामी तरुणांनीं राजधानींत संसदेसमोर उपोषण केलें, आणि १९८१ च्या जानेवारींत वाट अडवून बसलेल्या लोकांना हटविण्यासाठीं सुमारें सहाशें पोलीस धाडावे लागले. पुढील वर्षीं सर्वोच्च न्यायालयाचा कौल सरकारच्या बाजूनें पडला व धरण झालें.

मुळशीच्या मावळ्यांनीं १९२१ च्या रामनवमीस मांडलेला सत्याग्रह ज्यांना ठाऊक आहे, त्यांस ही हकीगत परकी वाटणार नाहीं. तेथेंही दूरच्या शहराच्या विजेसाठीं पाणी अडविलें गेलें. सेनापति बापटांसारखा पुढारी लाभूनही १९२४ पर्यंत लढा संपला आणि भातखाचरें पाण्याखालीं गेलीं. मात्र आल्टाच्या पराभवानें नॉर्वेचें मन कांहींसें पालटलें. १९८९ मध्यें सामींची निराळी प्रतिनिधि-सभा सुरू झाली, व १९९७ मध्यें राजे हाराल्ड यांनीं तिच्यासमोर मागील अन्यायाबद्दल क्षमा मागितली.

एवढें झाल्यावर फोसेनचा प्रश्न उद्भवावयास नको होता. तो उद्भवला, कारण या खेपेस हेतु चांगला होता. आणि चांगल्या हेतूच्या भरांत माणूस दुसऱ्यास विचारावयाचें विसरतो. पृथ्वीचें तापमान वाढत आहे हें खरें, आणि कोळसा व तेल जाळणें कमी केलें पाहिजे हेंही खरें. किंबहुना या तापमानवाढीचा फटका सामींना आधींच बसला आहे. भर हिवाळ्यांत पाऊस पडतो, तो गोठतो, व कुरणावर बर्फाचें टणक झांकण बसतें. रोगानें पिडलेल्या माणसाच्याच अंगणांत त्याला न पुसतां औषधाचा कारखाना काढावा, तसा हा प्रकार झाला.

२०१० मध्यें सरकारी खात्यानें परवाने दिले व २०१३ मध्यें मंत्रालयानें ते कायम केले. योजना मोठी होती: सहा ठिकाणीं मिळून सुमारें एक हजार मेगावॉट वीज निघावयाची होती. त्यांपैकीं रोआन व स्टोरहाइया हीं दोन ठिकाणें कळपांच्या हिवाळी कुरणांवर होतीं. कळपवाल्यांनीं न्यायालयांत दाद मागितली. परंतु निकाल लागण्यापूर्वींच काम सुरू करण्याची मोकळीक कंपनीस मिळाली. २०१८ च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेद-निवारण समितीनें स्टोरहाइयाचें काम थांबवावें अशी विनंति केली, तीही मानली गेली नाहीं. २०२० पर्यंत या दोन ठिकाणीं १५१ पवनचक्क्या व शंभर किलोमीटरांहून अधिक लांबीचे रस्ते तयार झाले. रेनडियर हें बुजरें जनावर. फिरतीं पातीं व वर्दळ यांपासून तें दूर राहतें. त्यामुळें कुंपण न घालतांही कुरण बंद झालें.

२०२० मध्यें खालच्या न्यायालयानें कळपवाल्यांस सुमारें ८ कोटि ९० लक्ष क्रोनरची भरपाई देवविली. हिवाळ्यांत जनावरें कोंडून त्यांना विकतचा चारा घालावा, हा त्या रकमेमागील हिशेब. धंदा चालेल इतका पैसा दिला कीं प्रश्न मिटला, ही समजूत आपल्याकडेही अपरिचित नाहीं.

११ ऑक्टोबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनीं एकमतानें निराळा निर्णय दिला. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारांतील सत्ताविसाव्या कलमानें अल्पसंख्य समाजास आपली संस्कृति जगण्याचा हक्क आहे. कळप राखणें हा सामींचा नुसता रोजगार नव्हे, तें त्यांच्या संस्कृतीचें अंग आहे. म्हणून परवाने अवैध होत, असें न्यायालयानें ठरविलें. स्वच्छ विजेच्या गरजेचाही विचार न्यायालयानें केला. परंतु कळपांस कमी बाधा होईल अशा ठिकाणीं पवनचक्क्या उभारतां आल्या असत्या, असें त्यास आढळलें. जेथें दुसरी वाट आहे, तेथें निरुपायाची सबब चालत नाहीं.

परवाने गेले, पवनचक्क्या मात्र फिरतच राहिल्या. निकालांत त्यांचें काय करावें हें सांगितलें नव्हतें, आणि सरकार अभ्यास करीत राहिलें. पांचशें दिवस लोटले, तेव्हां २०२३ च्या फेब्रुवारींत सामी तरुण-तरुणी ऊर्जामंत्रालयाच्या दालनांत जाऊन बसल्या. कांहींनीं निषेध म्हणून आपला पारंपरिक पोशाख उलटा, आंतली बाजू बाहेर करून घातला होता. हवामानाच्या चळवळीनें जगभर नांव झालेली स्वीडिश तरुणी ग्रेटा थुनबर्ग हीही त्यांच्यांत होती. आणि स्वच्छ ऊर्जेसाठीं झगडणाऱ्या मुलीनें पवनचक्क्यांविरुद्ध बसावें, याचें पुष्कळांस नवल वाटलें. मंत्र्यांनीं क्षमा मागितली. पुढें डिसेंबर २०२३ व मार्च २०२४ मध्यें कळपवाल्यांच्या दोन गटांशीं तडजोडी झाल्या. दरसालची रक्कम व बदली कुरणें कबूल झालीं. पंचवीस वर्षांची मुदत संपल्यावर ती वाढवावयाची कीं नाहीं, यावर दक्षिणेकडील गटास नकाराचा अधिकार मिळाला. पवनचक्क्या जागच्या जागीं राहिल्या.

उशिरा कळण्याचें उदाहरण घरींही आहे. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहून पंधरा-वीस वर्षें झाल्यावर, २०१८ मध्यें, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील मारिया ठाकर व त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांचें संशोधन प्रसिद्ध झालें. पवनचक्क्यांच्या परिसरांत शिकारी पक्षी सुमारें चौपटीनें कमी आढळले, आणि त्यांचें भक्ष्य असलेले सरडे वाढले होते. भय सरल्यामुळें त्यांची सावधगिरीही कमी झाली होती. ज्या सरड्यांच्या गणास २०१६ मध्यें शास्त्रज्ञांनीं आपला मराठी ‘सरडा’ हाच शब्द नांव म्हणून दिला, त्यांतलाच हा प्राणी. पक्षी न्यायालयांत जात नाहींत. त्यांची साक्ष कोणी तरी वेळेवर घ्यावी लागते.

या इतिहासाचा बोध पवनचक्कीविरुद्ध नाहीं. वीज हवी आहे, आणि धुराविना मिळेल तितकी बरी. बोध आहे तो क्रमाचा. फोसेनला न्याय मिळाला. पण अक्षता पडून गेल्यावर मुलीची पसंती विचारावी, तशा वेळीं मिळाला. मग नकार आला तरी त्याचा उपयोग कोणाला? परवान्याची मुदत संपेल, तेव्हां फोसेनच्या माथ्यावर तोच प्रश्न पुन्हां उभा राहील, आणि त्यावेळीं तरी तो आधीं विचारला जाईल. मात्र उत्तर द्यावयास तें कुरण ओळखणारे कळप आणि त्यांच्या मागून चालणारीं माणसें तोंवर तेथें उरलीं पाहिजेत.