बाइटचे द्विमान लेखन

बाइटचे द्विमान लेखन : संगणकाच्या स्मृतीतील बाइट या एककाचे मूल्य ० व १ या चिन्हांच्या मालिकेने लिहून दाखविण्याची पद्धती. दोनच चिन्हांनी सर्व अक्षरे दर्शविण्याची कल्पना संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. इंग्लिश तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन यांनी १६२३ मध्ये दोन चिन्हांचे पाच-पाचांचे गट योजून वर्णमाला दर्शविणारी गुप्त लेखनपद्धती प्रसिद्ध केली. अशा गटांचे ३२ प्रकार होत असल्याने ते वर्णमालेस पुरेसे होते. जर्मन गणितज्ञ लायप्निट्स यांचा द्विमान अंकगणितावरील निबंध १७०३ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेंच अभियंते एमील बोदो यांनी १८७४ मध्ये एकस्व घेतलेल्या तारायंत्रात पाच एककांचा संकेत वापरला. मोर्स संकेतात अक्षरागणिक लांबी बदलते. बोदो संकेतात ती समान असल्याने अक्षर कोठे संपले, हे केवळ मोजून समजते.

‘बाइट’ ही संज्ञा व्हेर्नर बुखहोल्ट्स यांनी १९५६ मध्ये आयबीएम कंपनीच्या ‘स्ट्रेच’ या संगणकाच्या आराखड्याच्या वेळी योजिली. प्रारंभी बाइटमधील बिटांची संख्या निश्चित नव्हती. १९६४ मध्ये घोषित झालेल्या ‘सिस्टिम/३६०’ या संगणकमालेमुळे आठ बिटांचा बाइट रूढ होत गेला.

बाइटचे मूल्य दोनने पुनःपुन्हा भागून येणाऱ्या बाक्या उलट क्रमाने लिहिल्या म्हणजे द्विमान रूप मिळते. उदा., ६५ चे रूप १०००००१ असे येते. संख्या म्हणून ते पूर्ण असले, तरी बाइट म्हणून ते अपुरे आहे. डावीकडे शून्य देऊन ०१०००००१ असे लिहावे लागते. हे शून्य गाळून अनेक बाइट सलग लिहिल्यास त्यांच्या सीमा पुसल्या जातात व मूळ मजकूर निश्चितपणे परत मिळविता येत नाही.

सीमा कळल्या, तरी अर्थ संकेतावरच अवलंबून राहतो. १०११००११ हा बाइट भारतीय लिप्यांसाठीच्या ‘इस्की’ या १९९१ च्या मानकात ‘क’ हे अक्षर दर्शवितो, तर पश्चिम यूरोपीय भाषांच्या ‘लॅटिन-१’ संकेतात तोच बाइट घातांकरूपी ३ दर्शवितो. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात ‘क’ साठी १११००००० १०१००१०० १००१०१०१ असे तीन बाइट लागतात. म्हणून संगणकावरील लेखन जतन करताना बाइटांबरोबर त्यांच्या संकेताची नोंदही जतन करणे आवश्यक ठरते.