बास मासेमारीचा रॉड: मूठ बुचाची की फोमची?

अमेरिकेच्या गोड्या पाण्यातील बास हा मासा खाण्यापेक्षा पकडण्यासाठीच अधिक प्रसिद्ध आहे. मोठ्या तोंडाचा ‘लार्जमाउथ’ आणि त्याचा भाऊबंद ‘स्मॉलमाउथ’ यांच्या मागे तेथील असंख्य हौशी मासेमार सुटीचे दिवस तळ्यांवर घालवतात. (आपल्याकडील हॉटेलांत ‘सी बास’ या नावाने पानात येणाऱ्या जिताड्याशी या माशाचे कूळ जुळत नाही.) जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये पकडलेला लार्जमाउथ २२ पौंड ४ औंसांचा होता. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडले, आणि तीही जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी केली. त्यांचा मासा जेमतेम एका औंसाने जड भरला. परंतु विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागत असल्याने दोघांची नावे एकत्र नोंदली गेली.

या छंदाची बाजारपेठ मोठी आहे. दुकानाच्या भिंतीला ओळीने उभे केलेले रॉड पाहून नवखा ग्राहक गोंधळतो आणि बहुधा मुठीकडे बघून निवड करतो. बुचाची मूठ म्हणजे उंची माल आणि काळ्या फोमची म्हणजे स्वस्तातला, असा समज तेथेही रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागात पैसे वाया जातात.

वास्तविक आधी पाहायची ती मूठ नव्हे, तर मुठीच्या किंचित वर छापलेला बारीक मजकूर. रॉडची लांबी, ताकद, लवचीकपणा, दोराची मर्यादा आणि आमिषाचे वजन असे सारे तेथे दिलेले असते. ‘पॉवर’ म्हणजे रॉड वाकवायला लागणारा जोर. हलका, मध्यम, मध्यम-जड, जड अशा तिच्या पायऱ्या असतात. ‘ॲक्शन’ म्हणजे रॉड कोठून वाकतो ते. ‘फास्ट’ रॉड केवळ टोकाशी वाकतो, तर ‘मॉडरेट’ रॉड मध्यापर्यंत कमान घेतो. या दोन गोष्टींची गल्लत दुकानातील विक्रेतेही सर्रास करतात.

बासची शिकार करण्याची रीत लक्षात घेतली की या आकड्यांचा अर्थ उलगडतो. हा मासा तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो आणि ते खोटे वाटताच क्षणार्धात थुंकून टाकतो. तळाशी सरकत जाणारा रबरी किडा किंवा ‘जिग’ वापरायचा असेल, तर हा बारीक ठोका हाताला कळला पाहिजे आणि जाड एकेरी गळ जबड्यात रुतवायला जोरही हवा. म्हणून सात फुटी, मध्यम-जड, फास्ट रॉड या कामाला नेमला जातो. पाव ते पाऊण औंस, म्हणजे साधारण ७ ते २१ ग्रॅम वजनाची आमिषे तो सहज फेकतो. पहिला आणि एकच रॉड घ्यायचा असेल तर तो हाच. याउलट ‘क्रँकबेट’ या पोहणाऱ्या आमिषाला बारीक तिकटी गळ असतात. ताठ रॉडने हिसका दिला की ते माशाच्या तोंडातून फाटून निघतात. तेथे मध्यापर्यंत लवणारा मॉडरेट रॉडच उपयोगी पडतो.

त्यासाठीच काचतंतूचे, अर्थात फायबरग्लासचे रॉड आजही टिकून आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी चिरलेल्या बांबूच्या आणि पोलादी रॉडची सद्दी संपवली आणि १९७०च्या दशकात आलेल्या ग्रॅफाइटने पुढे त्यांची. ग्रॅफाइट हलके, ताठ आणि बोलके. मात्र काठावर आपटले किंवा गाडीच्या दारात सापडले तर क्षमा नाही.

आता मुठीकडे वळायला हरकत नाही. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर लांब देठांची सुवासिक पांढरी फुले सांडणारे जे झाड आपण बुचाचे म्हणून ओळखतो, त्याच्याशी मासेमारीच्या बुचाचा संबंध नाही. हे बूच भूमध्य सागराभोवती वाढणाऱ्या एका ओक वृक्षाची साल असते. जगातील सुमारे निम्मे बूच एकट्या पोर्तुगालमधून येते. २०११ मध्ये तेथील संसदेने या ओकला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला. झाड साधारण पंचवीस वर्षांचे झाल्यावर पहिली साल उतरवतात. त्यानंतर दर नऊ वर्षांनी उन्हाळ्यात कुशल कामगार कुऱ्हाडीने, खोडाला इजा न करता, ती सोलतात आणि खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवून ठेवतात. पहिल्या दोन वेळची साल खडबडीत असते. बाटलीच्या बुचाला साजेशी गुळगुळीत साल तिसऱ्या वेळी, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर मिळते. उत्तम मुठीलाही तशीच साल लागते, आणि या मालावर मद्याच्या बाटल्यांचा दावा पूर्वापार चालत आलेला आहे. चांगले बूच महाग का, याचे उत्तर यातच आहे.

अशा सालीच्या सुमारे अर्धा इंच जाडीच्या चकत्या एकापुढे एक चिकटवून, लेथवर कातून मूठ तयार होते. हवाबंद सूक्ष्म पेशींमुळे ती हलकी असते, थंडीत गार पडत नाही, ओल्या हातातून निसटत नाही. मात्र बुचाच्या प्रती असतात. हलक्या प्रतीत छिद्रे फार. ती बुचाचा भुसा आणि गोंद यांनी बुजवतात. दुकानातील दिव्याखाली अशी मूठ अस्सल मालाहूनही तुकतुकीत दिसते. काही महिने पाण्यात आणि उन्हात वापरली की लुकण गळू लागते आणि मूठ देवीच्या व्रणांसारखी दिसते. रंग सर्वत्र एकसारखा असून नैसर्गिक रेषा कोठेच दिसत नसतील, तर शंका घ्यावी. बुचाचे दाणे राळेत बांधून केलेले चित्रविचित्र ‘कॉम्पोझिट’ बूच त्याहून वेगळे. ते जड व टणक असते, आणि झीज होणाऱ्या टोकांना ते लावणे योग्यच ठरते.

फोम म्हणजे ‘ईव्हीए’. खेळाच्या बुटांच्या तळव्यात असतो तोच पदार्थ. तो पाणी पीत नाही, त्याचे टवके उडत नाहीत, होडीच्या तळाशी कसाही पडला तरी चालतो. कालांतराने तो गुळगुळीत होऊन चकाकू लागतो, एवढाच त्याचा मोठा दोष. मऊ फोम कंपने शोषून घेतो हा आक्षेप खरा आहे, पण बासच्या रॉडबाबत त्याचे वजन कमी पडते. रीळ वर बसणाऱ्या ‘कास्टिंग’ रॉडवर तळहात मुठीवर नसून रिळावर आणि रीळ बसवण्याच्या खोबणीवर असतो. तेथे खाच ठेवून उघडी सोडलेली मूळ नळी बोटाला लागते आणि माशाचा ठोका प्रामुख्याने तेथूनच कळतो. रीळ खाली लोंबणाऱ्या ‘स्पिनिंग’ रॉडवरही तर्जनी नळीवर टेकवता येते. त्यामुळे मध्यम किमतीत लुकण भरलेल्या बुचापेक्षा घट्ट फोमची मूठ हा अधिक प्रामाणिक सौदा होय. वाचलेले पैसे चांगल्या नळीवर खर्च करावेत. उच्च किमतीत निवडक बूच मिळत असेल, तर मात्र त्याला तोड नाही.

कार्बनच्या पोकळ मुठीही मिळतात. त्या हलक्या आणि संवेदनशील खऱ्या, पण ओल्या हातात घसरतात आणि खिशालाही जड जातात.

मधला भाग वगळून दोन तुकड्यांत केलेली ‘स्प्लिट’ मूठ वजन वाचवते म्हणून लोकप्रिय झाली. मागचे वजन घटले की रॉड टोकाकडे झुकतो, हे मात्र जाहिरातीत लिहिलेले नसते. लांब रॉड दिवसभर धरून मनगट दुखते ते यामुळेच. स्वतःचे रीळ दुकानात नेऊन, रॉडला जोडून, तोल पाहूनच खरेदी करावी. मुठीची मागची लांबीही त्याच वेळी तपासावी: दोन्ही हातांनी दूर फेकायचे तर ती लांब हवी, आणि छोट्या कयाकमध्ये बसून मासे धरायचे तर आखूड.

घरी आल्यावर बुचाच्या मुठीवरील प्लास्टिकचे वेष्टन आधी काढावे. नव्या गाडीच्या आसनांचे प्लास्टिक वर्षभर जपणाऱ्यांना हे जड जाईल. परंतु आत ओल कोंडून बुचाला बुरशी धरते. मळलेली मूठ सौम्य साबणाच्या पाण्याने पुसली की पुरते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी तळ्यावर जाण्यापूर्वी आपल्या राज्याचा मासेमारी परवानाही पाहून घ्यावा. बहुतेक राज्यांत प्रौढांना तो सक्तीचा आहे.

एक धोका मुठीच्या चर्चेत हमखास राहून जातो. ग्रॅफाइट विजेचे वाहक आहे. सात फुटी रॉड उंच धरून विजेच्या तारांखालून जाणे किंवा वादळात उघड्या होडीत तो उभा ठेवणे जिवावर बेतू शकते. मूठ बुचाची वा फोमची असली म्हणून संरक्षण मिळत नाही, कारण बोट नळीला लागलेले असते आणि दोर ओला असतो. गडगडाट कानी पडताच रॉड आडवा ठेवून किनारा गाठावा.