सारायेव्होची सिद्धता : एका ऑलिम्पिक नगरीचे उलट्या दिशेने झालेले वाचन

बोस्नियातील सारायेव्हो या शहराविषयी १९९२ नंतर जे विपुल लेखन झाले, त्यात एक प्रतिमा पुनःपुन्हा भेटते. त्रेबेविच पर्वतावरील ज्या काँक्रीटच्या घसरमार्गावरून १९८४ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बॉबस्लेच्या बर्फगाड्या धावल्या, त्याच मार्गाच्या भिंतींचा आडोसा घेऊन आठ वर्षांनी शहरावर तोफा डागल्या गेल्या. झेत्रा हे बर्फक्रीडागृह जळाले आणि त्याच्या लगतच्या मैदानात कबरी खणल्या गेल्या. ही प्रतिमा असत्य नाही, पण ती फार सोयीची आहे. तिच्यामुळे १९७८ ते १९८४ या सहा वर्षांतील शहराची सारी खटपट पुढील विनाशाचा केवळ पूर्वरंग ठरते. कीर्तनातील पूर्वरंगाला स्वतःचा विषय असतो, स्वतःचे प्रतिपादन असते. सारायेव्होच्या पूर्वतयारीला मात्र ते नाकारले गेले. ज्यांनी ही तयारी केली त्यांना पुढील कथानक ठाऊक नव्हते, ही साधी गोष्ट अशा वाचनातून निसटते.

१८ मे १९७८ रोजी अथेन्स येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात पहिल्या फेरीत जपानच्या साप्पोरोला ३३, सारायेव्होला ३१ व स्वीडनच्या गॉथेनबर्गला १० मते पडली. दुसऱ्या फेरीत सारायेव्होने ३९ विरुद्ध ३६ अशी बाजी मारली. साप्पोरोने १९७२ साली हीच स्पर्धा भरवलेली होती. तिच्याजवळ मैदाने तयार होती, अनुभव होता. सारायेव्होजवळ डोंगर होते. समाजवादी राष्ट्रातील कोणत्याही नगरीला हिवाळी ऑलिम्पिकचे यजमानपद त्यापूर्वी मिळालेले नव्हते. युगोस्लाव्हिया दोन्ही लष्करी गटांपासून अलिप्त होता, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. मॉस्को (१९८०) व लॉस एंजेलिस (१९८४) येथील स्पर्धांवर बहिष्काराचे सावट पडले. त्या दोहोंच्या मध्ये भरलेल्या सारायेव्होच्या स्पर्धेत ४९ देश आले.

शहराची स्वतःची निकड मात्र जागतिक राजकारणाहून निराळी होती. मिल्याट्स्का नदीच्या अरुंद खोऱ्यात वसलेल्या या गावावर हिवाळ्यात थंड हवेचा थर दाबून बसतो; घराघरांतून जळणाऱ्या कोळशाचा धूर वर जाऊ शकत नाही. सत्तरच्या दशकात सारायेव्हो आपल्या धुरासाठी कुप्रसिद्ध होते. पाणीपुरवठा अपुरा होता, सांडपाण्याची व्यवस्था जुनी होती. जागतिक बँकेच्या कर्जातून पाणी, मलनिस्सारण आणि कोळशाऐवजी नैसर्गिक वायू अशा योजना याच दशकात हाती घेण्यात आल्या होत्या. याचा अर्थ असा की, ऑलिम्पिकने शहराच्या गरजा निर्माण केल्या नाहीत. अगोदरच मांडलेल्या गरजांना त्याने मुदत घालून दिली. यजमान नगरीच्या इतिहासात ही मुदत फार मोलाची असते. एरवी वीस वर्षे रेंगाळणारी गटारे सहा वर्षांत पुरी होतात, कारण पाहुणे अमुक तारखेला येणार असतात. लग्नघराला रंग काढण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे तर्कशास्त्र समजावून सांगण्याची गरज नाही.

शहराची रचनाही येथे विचारात घेतली पाहिजे. ‘सारायेव्हो’ या नावात तुर्की ‘सराय’ आहे, म्हणजे आपली सराईच. उस्मानी अमदानीतून आलेली ‘महाला’, ‘दुचान’, ‘पाझार’ ही बोस्नियन रूपे मराठी वाचकाला मोहल्ला, दुकान, बाजार म्हणून तत्काळ ओळखू येतील. फार्सी-अरबी शब्दसंपदेची एक वाट दख्खनेकडे आली, दुसरी बाल्कनकडे गेली. जेवाद कराहसन या बोस्नियन लेखकाने वेढ्याच्या काळात लिहिलेल्या ‘दनेव्हनिक सेलिद्बे’ (१९९३) या ग्रंथात शहराची मांडणी विशद केली आहे : मध्यभागी सर्वांची चार्शिया, म्हणजे बाजारपेठ, आणि भोवतीच्या उतारांवर वेगवेगळ्या धर्मसमुदायांच्या महाला. या बंदिस्त रचनेचे बाहेरचे वर्तुळ म्हणजे पर्वत. दुसऱ्या महायुद्धानंतर जुनी चार्शिया पाडून नवे केंद्र उभारण्याचे बेत आखले गेले होते आणि तिचा काही भाग पाडलाही गेला. ऑलिम्पिकच्या तयारीच्या काळात मात्र तिच्या जतनाचे काम झाले. पाहुण्यांना दाखविण्याजोगे आपल्याजवळ काय आहे, याचा विचार सुरू होताच काल जे मागासलेपणाचे चिन्ह होते ते आज वारसा ठरले. वसाहतोत्तर समाजांच्या साहित्येतिहासातही असेच घडते. परक्या वाचकाच्या चाहुलीने लोककथा आणि ओव्या संग्रहात येतात.

स्पर्धांची विभागणी डोंगरांवर झाली. ब्येलाश्नित्सावर पुरुषांच्या आणि याहोरिनावर महिलांच्या उताराच्या स्कीइंग शर्यती, इगमानच्या पठारावर लांब पल्ल्याचे स्कीइंग व स्की-उडी, त्रेबेविचवर बर्फगाड्या. त्यासाठी रस्ते, पाळणे, वीज आणि दूरध्वनीच्या तारा सगळेच न्यावे लागले. मोयमिलो येथे खेळाडूंसाठी आणि डोब्रिन्या येथे पत्रकारांसाठी इमारती उठल्या. स्पर्धा संपताच त्या नागरिकांच्या वस्तीसाठी द्यावयाच्या, हे ठरलेले होते. इव्हान श्ट्राउस या वास्तुविशारदाचे पिवळ्या रंगाचे हॉलिडे इन हॉटेल १९८३ साली उघडले. १९६९ चे स्केंदेरिया क्रीडासंकुल वाढविण्यात आले, कोशेव्हो मैदानाची दुरुस्ती झाली. तयारीच्या कथेतील सर्वांत मासलेवाईक तपशील ब्येलाश्नित्साचा आहे. पुरुषांच्या मुख्य शर्यतीसाठी आठशे मीटरची उतरण आवश्यक होती आणि २०६७ मीटर उंचीचा हा डोंगर काही मीटरांनी उणा पडत होता. तेव्हा शिखरावर एक उपाहारगृह बांधून शर्यतीचा आरंभ त्या इमारतीच्या वरच्या मजल्यातून करण्यात आला. नियमाला डोंगर पुरत नाही म्हणून डोंगरावर मजले चढविणारी ही युक्ती एकाच वेळी जिद्दीची आणि विनोदाची वाटते. सारायेव्होच्या लोकांनी ती दोन्ही अर्थांनी घेतली असावी.

संयोजन समितीचे अध्यक्ष ब्रांको मिकुलिच हे बोस्नियन साम्यवादी पक्षाचे बलिष्ठ नेते होते. १९८१ ते १९८३ या निर्णायक काळात महापौरपदी असलेले एमेरिक ब्लूम वेगळ्या घडणीचे होते. ज्यू कुटुंबात जन्मलेले, महायुद्धात यासेनोवात्सच्या छळछावणीतून निसटलेले आणि नंतर एनर्गोइन्व्हेस्ट हा प्रचंड उद्योग उभारणारे ब्लूम म्हणजे पक्षाच्या भाषेपेक्षा कामाच्या वेळापत्रकावर विश्वास ठेवणारा माणूस. स्पर्धा पार पडल्यावर त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पैसा संघराज्य, प्रजासत्ताक, शहर, उद्योगसंस्था अशा अनेक वाटांनी आला. अमेरिकेतील प्रक्षेपणहक्कांसाठी एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने ९ कोटी १५ लाख डॉलर मोजले. नागरिकांनीही वेतनातून वर्गणी दिली. युद्धोत्तर युगोस्लाव्हियात तरुणांच्या श्रमपथकांची मोठी परंपरा होती. सारायेव्होला येणारा १९४७ चा लोहमार्ग अशाच पथकांनी घातला होता. त्यामुळे ‘स्वेच्छाश्रम’ हा शब्द तेथे भारावलेला होता आणि थोडा गुळगुळीतही झाला होता.

याच काळात दिल्लीही सजत होती. नोव्हेंबर-डिसेंबर १९८२ मधील आशियाई क्रीडास्पर्धांसाठी उड्डाणपूल, जवाहरलाल नेहरू मैदान, राज रेवाल यांनी रचलेले खेळग्राम आणि त्यासोबत रंगीत दूरदर्शन ही सारी घाई अलिप्ततावादी चळवळीच्या दुसऱ्या संस्थापक राष्ट्राच्या राजधानीत चालली होती. दोन्ही नगरांची तुलना केवळ सारखेपणासाठी करावयाची नाही. दिल्लीत एशियाडच्या बांधकामावरील मजुरांना किमान वेतन मिळत नाही, ही तक्रार पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सने सर्वोच्च न्यायालयात नेली. न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने १९८२ च्या निकालात किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करवून घेतलेले काम ही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध मानलेली सक्तमजुरीच होय, असा अर्थ लावला. दिल्लीच्या तयारीच्या संहितेत अशा रीतीने मजुराचा विरोधी स्वर कायमचा नोंदला गेला. सारायेव्होच्या अधिकृत संहितेत तशी जागा नाही; तेथे श्रम करणारा ‘आपण’च्या आत सामावून घेतलेला आहे. या ‘आपण’मध्ये सच्चेपणा नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल, पण त्यात मतभेदाला शब्द नव्हता, हेही खरे.

त्या निःशब्दतेचे दुसरे टोक न्यायालयात दिसते. १९८३ च्या उन्हाळ्यात, स्पर्धेला सहा-सात महिने उरले असताना, सारायेव्होतच तेरा मुस्लिम बुद्धिजीवींवर खटला चालला. आरोपींत ‘इस्लामी घोषणापत्र’ (१९७०) लिहिणारे अलिया इझेत्बेगोविच होते. त्यांना चौदा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. हेच गृहस्थ पुढे १९९० मध्ये बोस्नियाच्या अध्यक्षमंडळाचे प्रमुख झाले. जगाला ‘बंधुत्व आणि ऐक्य’ दाखविण्यासाठी सजणारे शहर आणि एका ग्रंथाच्या वाचनावरून शिक्षा देणारे शहर ही एकाच मोसमातील दोन चित्रे आहेत. पहिल्या चित्राचे चिन्ह म्हणून लांडगा निवडला गेला, हे लोकवाङ्मयाच्या अभ्यासकाला विशेष वाटेल. स्लोव्हेनियन चित्रकार योझे त्रोबेत्स याचा ‘वुच्को’ वृत्तपत्रांच्या वाचकांच्या मतदानातून विजयी झाला. दिनारिक पर्वतांतील कथांमधून भय घालणारे हे श्वापद गळ्यात मफलर गुंडाळून हसू लागले. गायक झ्द्राव्को चोलिच याने त्याला शहराच्या नावाची लांब हाळी दिली. श्वापदाला पाळीव करणे हा तयारीचाच एक भाग होता.

आणि तरीही हे ऐक्य निव्वळ भिंतीवरचे नव्हते, याचा पुरावा हवामानाने दिला. उद्घाटनाच्या दिवसापर्यंत बर्फाची वाण होती. ८ फेब्रुवारीनंतर तो असा कोसळला की मार्ग बुजले आणि पुरुषांची मुख्य शर्यत ९ तारखेवरून १६ वर ढकलावी लागली. लष्कराबरोबर हजारो सामान्य नागरिक फावडी घेऊन उतरले. १४ फेब्रुवारीला स्लोव्हेनियाच्या युरे फ्रांको याने रौप्यपदक मिळविले, हिवाळी ऑलिम्पिकमधील युगोस्लाव्हियाचे पहिलेच. तेव्हा सारायेव्होकरांनी ‘युरेक’ आणि त्यांचा लाडका ‘बुरेक’ यांचे यमक जुळवून, आम्हाला बुरेकहून युरेक प्रिय, अशी घोषणा केली. मांसाच्या सारणाच्या त्या पोळीशी शहराचे नाते पाहता ही स्तुती लहान नव्हती.

एप्रिल १९९२ मध्ये वेढा पडला. तो फेब्रुवारी १९९६ पर्यंत, १४२५ दिवस चालला. त्याच एप्रिलमध्ये ऑलिम्पिक संग्रहालयावर गोळे पडले, मेमध्ये झेत्रा पेटले. झेत्रातील लाकडी आसनांच्या शवपेट्या झाल्याचे अनेक वृत्तान्तांत नोंदले आहे. याहोरिनाच्या वाटेवरील पाले येथे, कवी आणि मनोविकारतज्ज्ञ असलेल्या रादोव्हान काराजिच याचे सर्ब ठाणे होते. येथवर प्रचलित व्याजोक्ती पुरते. पुढचे तपशील तिच्यात बसत नाहीत. डोब्रिन्याच्या पत्रकार-वसाहतीतील लोकांनी आपली वस्ती राखली आणि तेथूनच १९९३ साली विमानतळाखालून सुमारे आठशे मीटरचा बोगदा निघाला. तो ज्या बाजूला उघडत होता तेथून पुढची वाट इगमानवरूनच जात होती. शहराला जगविणारी रसद याच डोंगरावरून आली. उलट, शहराच्या हवेसाठी आणलेला वायू आणि इलिजाकडील विहिरींचे पाणी शत्रूच्या मुठीत गेले. तेव्हा लोक पाण्यासाठी जुन्या मद्यनिर्मितीगृहाच्या झऱ्यावर रांगा लावू लागले. आधुनिक सुविधेने दगा दिला आणि घाईघाईने बांधलेल्या सदनिकेने आसरा. ‘खेळापासून कबरीपर्यंत’ या सरळ रेषेवर हे दोन्ही अनुभव मांडता येत नाहीत.

स्वतः सारायेव्होकरांनी आपल्या तयारीचे केलेले वाचन अधिक सूक्ष्म आहे. फामा या गटाने १९९३ मध्ये प्रवासी मार्गदर्शिकेच्या थाटात ‘सारायेव्हो सर्व्हायव्हल गाइड’ काढले : कोठे जावे, काय खावे, कसे फिरावे, अशी सर्व प्रकरणे, आणि उत्तरे वेढ्यातील. पाहुण्यांसाठी सजलेल्या शहराने पाहुण्यांचाच वाङ्मयप्रकार उचलून त्यांच्यापुढे धरला. हॉलिडे इनमध्ये आता परदेशी वार्ताहर उतरत होते, त्यामुळे या मार्गदर्शिकेला वाचकही मिळाला. ही दृष्टी अचानक उपजली नव्हती. १९८४ च्या उन्हाळ्यातच दूरचित्रवाणीवर ‘टॉप लिस्टा नाद्रेअलिस्टा’ ही विडंबनमाला सुरू झाली होती. मोहल्ल्यातल्या बोलीत राजभाषेची टर उडविणाऱ्या या मंडळींनी दशकाच्या अखेरीस भिंतीने दुभागलेल्या सारायेव्होचे प्रहसन रचले. प्रेक्षक हसले. डेटन करारानंतर (१९९५) खरोखरच शहराच्या कडेला सीमारेषा आली आणि पलीकडे ‘पूर्व सारायेव्हो’ नावाची वेगळी नगरी झाली. याहोरिना त्या बाजूला गेला, ब्येलाश्नित्सा या बाजूला राहिला.

झेत्रा १९९९ मध्ये पुन्हा उघडले. त्रेबेविचचा हवाई पाळणा ६ एप्रिल २०१८ रोजी पुन्हा सुरू झाला. वर गेलेला प्रवासी बॉबस्लेच्या रंगवलेल्या, झाडोऱ्यात शिरलेल्या मार्गावरून चालत खाली उतरतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये युरोपीय युवा ऑलिम्पिक महोत्सव सारायेव्हो आणि पूर्व सारायेव्हो या दोन नगरपालिकांनी मिळून भरविला. तो मुळात २०१७ साली व्हावयाचा होता, परंतु तयारी वेळेत पुरी होणार नसल्यामुळे दोन वर्षे पुढे ढकलावा लागला.